चेहऱ्याची मधली रेघ

फोटो काढताना आधी नाक बघायचं, असं मला बाईंनी शिकवलं. कर्जतच्या दवाखान्यात तोंडाचे आणि हातापायाचे व्यायाम करून घेणाऱ्या त्या बाई. माझ्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी माझ्या फोनमध्ये उभ्या-आडव्या पांढऱ्या रेघा आणून दिल्या आणि म्हणाल्या, "काकी, दोन उभ्या रेघांच्या बरोबर मध्ये काकांचं नाक आलं पाहिजे. मधली रेघ फोनमध्ये नाही, ती तुम्ही मनाने ओढायची, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मग बघायचं, अलीकडे काय आहे आणि पलीकडे काय आहे."

दर रविवारी फोटो काढायचे. खुर्ची तीच, जागा तीच, उजेड समोरून. तोंड मिटून, मग हसून, मग डोळे घट्ट मिटून. दोन्ही बाजू सारख्या दिसायला लागल्या की समजायचं, तोंड परत येतंय.

रविवार हा आमच्या घरात आधी वेगळ्याच गोष्टीचा दिवस होता. आमच्याकडे भात कापून झालं की रिकाम्या शेतात क्रिकेटच्या स्पर्धा लागतात. एका बाजूला मांडव, बेंजोवाले, आणि माइकवर बोलणारा एक माणूस. सामना कसाही असो, बोलणारा चांगला असेल तर लोक उन्हातही बसून राहतात. माझे मालक तसे बोलणारे होते. आठवडाभर साजगावच्या कंपनीत नोकरी आणि रविवारी माइक. खालापूर म्हणू नका, कर्जत म्हणू नका, कुठून कुठून बोलावणं यायचं.

"गोलंदाज धावत आला, धावत आला, जशी काय याची शेवटची एसटी सुटतेय... आणि हा मारला! चेंडू गेला बांधावर, बांधावरनं गेला म्हशीच्या पाठीवर! ओ पंच, म्हशीला विचारा रं, चार हायेत का सहा?"

मी मैदानावर कधी गेले नाही. मला माणसांत उभं राहता येत नाही. दुकानात मीठ मागायचं तरी मी चिठ्ठी पुढे करते. लग्न झाल्यापासून दोघांच्या वाटचं बोलायचं काम ह्यांनीच केलं. पण सामना आमच्या गावात असला की भोंग्याचा आवाज शेतावरून थेट माझ्या स्वयंपाकघरात यायचा. मी भाकऱ्या थापत ऐकायची. शेवटची ओव्हर लागली की हे न चुकता म्हणायचे, "आमच्या घरच्यांना विनंती हाय, कालवण गरम करायला घ्या." सगळं मैदान हसायचं. मी एकटी घरात लाजायची आणि गॅस पेटवायची.

आषाढात एका सकाळी कंपनीची गाडी यायच्या वेळी चहा पिता पिता ह्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून चहा खाली गळला. ते हसले, "बघ, कप फुटलाय." हसताना एकच बाजू हसली. दुसरी तशीच राहिली. पनवेलला नेलं तोवर डावा हातपायही गेला होता, अर्धांगाचा झटका. पुढे हात परत आला, पाय परत आला. कंपनीने स्टोअरमध्ये बसून करायचं काम दिलं. राहिलं ते तोंड. डावा गाल खाली ओघळलेला, डावा डोळा घट्ट मिटत नाही, आणि ओठ जुळवून बोलायचा शब्द आला की नुसती हवा बाहेर येते. ज्याचं तोंडच कमाईचं नव्हे पण जगण्याचं होतं, त्याचंच नेमकं तोंड गेलं.

घरी आल्यावर ह्यांनी आरसा बघितला. मग तो भिंतीकडे तोंड करून टांगायला सांगितला. दाढी न्हाव्याला घरी बोलावून करायची. कामाला जाताना मोटारसायकलवाले बांधतात तसा रुमाल नाकापासून खाली बांधायचा, तो घरीही सोडायचा नाही. जेवताना माझ्याकडे पाठ करायची. मीही बघायची नाही. त्यांना आवडत नाही म्हणून, आणि मला बघवत नाही म्हणूनसुद्धा. त्यामुळे ह्यांचा चेहरा आम्ही दोघं बघायचो तो फक्त रविवारी, फोनमध्ये.

पहिले फोटो तिरके आले. फोन कसा धरायचा तेच माहीत नव्हतं. एकात नाक डाव्या रेघेवर, एकात कपाळच नाही. हे खुर्चीत बसून बसून चिडायचे. काय म्हणाले ते नीट कळलं नाही, पण शिवी होती एवढं कळलं. म्हणून मी आठवडाभर वस्तूंवर हात बसवायचं ठरवलं. वस्तू रागावत नाहीत आणि उलट बघत नाहीत.

खिडकीपासून सुरुवात केली. मग दाराची चौकट, मग पिठाचा डबा. समोर सरळ उभं राहायचं, फोन छातीपाशी धरायचा, दोन्ही कोपरं अंगाला चिकटवायची, श्वास धरायचा आणि बोट लावायचं. फोन जरा कलला तरी डबा पडायला आल्यासारखा दिसतो. हळूहळू जमायला लागलं. मग अंगणात आले. जास्वंदीचं पान, तुळशीवृंदावन, वळणीच्या दोरीवर मधोमध टाकलेलं लुगडं. मग माझी नजरच तशी झाली. भाजी निवडताना, भांडी घासताना, रस्त्याने जाताना मी प्रत्येक गोष्टीच्या मधून रेघ ओढायची.

मुलीला फोनवर सांगितलं. ती पनवेलला दिलेली आहे. ती म्हणाली, "आई, त्याला सममिती म्हणतात. शाळेत असतं." मला नाव आठवलं नाही, पण शाळा आठवली. चौथीत गुरुजींनी कागदावर शाईचा थेंब टाकून कागद दुमडायला लावला होता आणि उघडल्यावर फुलपाखरू निघालं होतं. त्यानंतर माझी शाळा सुटली. ते फुलपाखरू मी खूप दिवस भांड्यांच्या फळीवर कागदाखाली ठेवलं होतं.

दवाखान्यात जायचं म्हणजे कर्जतला उतरावं लागे. तिथे स्टेशनच्या पुलावरून रूळ सरळ दिसतात, दोन्ही बाजूंना सारखे, लांब जाऊन एकमेकांना लागल्यासारखे. मी लोक जायची वाट बघत उभी राहायची आणि पूल रिकामा झाला की फोटो काढायची. खालापूरला तहसीलमध्ये दाखला आणायला गेले होते तेव्हा उभ्या असलेल्या एसटीचा समोरून काढला. दोन दिवे, दोन काचा, मध्ये पाटी. बरोबर आलेल्या शेजारच्या जाऊबाईंनी पाहिलं.

"काय गं, एसटीच्या तोंडाचा फोटू काढतंस? सोयरीक जुळवायची हाय काय कुणाशी?"

बाजूच्या चार बायका हसल्या. आधी असतं तर मी त्या दिवशी घरी जाऊन दार लावून बसले असते. पण हातात फोन होता, आणि मला तेवढ्यात दिसलं होतं की एसटीचा एक वायपर वाकडा आहे. मी म्हटलं, "नाय वो, एक डोळा तिरळा हाय तिचा. नवरा मिळायचा नाय." त्या आणखी हसल्या. मी एवढं बोलले याचं मलाच नवल वाटलं.

लावणी झालेल्या खाचरातल्या पाण्यात डोंगर उलटा दिसायचा, तो काढला. दसऱ्याला आपट्याची पानं आली. आपट्याचं पान म्हणजे देवाने दुमडूनच कापलेलं. दोन पाळ्या, मध्ये शीर. मी ढिगातून पानं निवडत बसले. एकही पान दोन्ही बाजूंनी सारखं निघालं नाही. एकाला किड्याने खाल्लेलं, एकाची पाळी जरा रुंद, एकाची शीर जरा कललेली. म्हशीचे कान सारखे नसतात, भाकरी सारखी नसते, देवळाच्या पायऱ्यासुद्धा एका बाजूने जास्त झिजलेल्या असतात. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं होतं. मी ह्यांना पानं नेऊन दाखवली. म्हटलं, "बघा, कायच सारखं नसतं. तुमचंच कशाला असायला पाहिजे?" त्यांनी पान घेतलं, रुमाल वर केला आणि दुसरीकडे बघितलं. त्यांना पानासारखं व्हायचं नव्हतं. त्यांना माइक पाहिजे होता.

आणि फोटोत तर ते सुधारत होते. दिवाळीच्या आसपास मुलीने नवा फोन घेतला आणि तिचा जुना मला दिला. त्याचे फोटो छान यायचे. पहिल्याच रविवारी फरक दिसला. दोन्ही गाल एकसारखे, दोन्ही डोळे मोठे आणि उघडे. हसतानाही पूर्वीसारखं ओढलेलं दिसेना. ह्यांनी फोन हातात घेतला आणि बोटाने स्वतःचा गाल मोठा करून बघितला. खूप वेळाने त्यांनी माझ्याकडे तोंड करून बघितलं. रुमाल नव्हता. पण मी फोनकडेच बघत होते.

मी ते फोटो बाईंना पाठवले. त्यांचा अंगठा आला आणि खाली लिहिलेलं, खूप छान सुधारणा. पुढच्या वेळी फोन केला तर म्हणाल्या, "काकी, एवढ्या लांबून कशाला येता? घरीच करा आहेत ते व्यायाम, आणि फोटो पाठवत राहा." कर्जतला जाणं बंद झालं. व्यायामही आम्ही मग थोडे कमीच केले. जे आपसूक होतंय ते कोण रेटून करतं?

बोलणंही सुधारतंय असं आम्हाला वाटत होतं. मला त्यांचं सगळं कळायचं. "चहा ठेव", "कंदील कुठाय", "उद्या रजा हाय", सगळं. सुधारले होते ते आमचे कान, हे मला नंतर कळलं.

एक फोटो ह्यांनी गावाच्या ग्रुपवर टाकला. हसतानाचा. लगेच हात जोडलेले, फुलं, "आले आमचे भाऊ!" असं सुरू झालं. दोन दिवसांनी गावच्या स्पर्धा भरवणारा एक जण घरी आला. हे कामावर होते. त्याने ओट्यावरूनच विचारलं, "वहिनी, रविवारी भाऊंना माइकवर बसवू ना? फोटू बघितला, एकदम टकाटक हायेत."

मी मानेनेच हो म्हटलं. तो गेल्यावर आनंदाने ह्यांचा चांगला शर्ट इस्त्रीला काढला.

रविवारी ह्यांनी न्हाव्याला बोलावलं नाही, स्वतः दाढी केली, आरशाशिवाय, हाताने चाचपून. इस्त्रीचा शर्ट घातला. रुमाल खिशात ठेवला. दारातून मागे वळून हाताने गॅसची खूण केली. म्हणजे, ऐकत राहा.

मी वाटण केलं, कालवण केलं, झाकून ठेवलं. भाकऱ्या थापायला बसले. भोंगा सुरू झाला. आधी बेंजो, मग त्या भरवणाऱ्याचा आवाज, "मंडळी, टाळ्या होऊ द्या, आपला आवाज परत आलाय!" टाळ्या आल्या. मग ह्यांचा आवाज आला.

घरात ऐकलेला आवाज आणि भोंग्यातून आलेला आवाज यांत एवढा फरक असेल असं मला वाटलं नव्हतं. मंडळी नाही, पंच नाही, फलंदाज नाही. त्या शब्दांच्या जागी वारा. लाळ ओढल्याचा आवाजसुद्धा भोंग्याने माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आणला. ह्यांनी एक विनोद केला, म्हशीचाच. मला कळला. कोणी हसलं नाही. मग माइकच्या जवळून कोणा बाहेरगावच्याचा आवाज ऐकू आला, "कोण हाय रं हा? दुपारीच टाकून बसलाय काय?" आणि दुसरा, "गप रं, आजारी होता तो."

तेव्हा कोणी कोणी हसलं.

ह्यांनी ती ओव्हर पुरी केली. मग अगदी हळू, माइक तोंडाला लावून ते काहीतरी बोलले. मैदानावर कोणालाही ते कळलं नसणार. मला कळलं. कालवण गरम करायला घ्या. ओव्हर पहिलीच होती.

पुढे कोणीतरी गाणं लावलं. मी गॅस पेटवला.

ते चालत आले. रुमाल बांधलेला होता. ताट वाढलं. माझ्याकडे पाठ करून जेवले आणि ताटात एक भाकरी ठेवून उठले. मी ती भाकरी झाकून ठेवली. मला काय बोलायचं ते आजपर्यंत कधी ठरवावंच लागलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मुलगी आली. तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती बापाच्या तोंडाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, फोटोत तर असं नव्हतं गं." मी फोन तिच्या हातात दिला. तिने कॅमेरा उघडला आणि तिचा हात थांबला.

"आई, यात ब्युटी मोड चालू हाय."

"म्हणजे?"

"चेहरा गुळगुळीत करणारा. मी नंदेच्या लग्नात लावला होता. बंद करायचा राहिला." ती रडायला लागली. "मला काय माहीत गं, तू बाबांचा काढणार म्हणून."

ह्यांनी हात पुढे केला. दाखव, म्हणाले. तिने तो मोड बंद करून त्यांचा एक फोटो काढला आणि आधीच्याशेजारी ठेवला. आम्ही तिघं बघत बसलो. उजव्या बाजूला हसलं की नाकापासून ओठापर्यंत एक खोल घडी पडते, डोळ्याच्या कोपऱ्याला रेघा पडतात. माणूस हसतो तो त्या रेघांनी हसतो. डाव्या बाजूला त्या पडतच नाहीत. ती बाजू सपाट असते, मऊ, मेणासारखी. फोनने उजवीकडच्या सगळ्या रेघा पुसून टाकल्या होत्या, ओठाची ओढही सपाट केली होती. सारखेपणा आला होता तो असा. आजारी बाजू बरी झाली नव्हती. बरी होती ती बाजूच आजारी बाजूसारखी करून टाकली होती, आणि ते बघून आम्ही पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

ह्यांनी खऱ्या फोटोवर बोट ठेवलं आणि मग स्वतःच्या छातीवर ठेवलं. उठले, आरसा भिंतीकडून फिरवला आणि सरळ टांगला.

कर्जतला पुन्हा गेलो. बाईंनी ह्यांना हसायला सांगितलं, गाल फुगवायला सांगितलं. गाल फुगला नाही. त्या म्हणाल्या, "काकी, सुरुवातीचे महिने महत्त्वाचे असतात हो." त्यांचे डोळे खाली होते. मला त्यांचा राग आला नाही. मुलीचाही नाही. राग यायला एक कोणीतरी समोर लागतो. इथे सगळ्यांनी चांगलंच चिंतलेलं.

आता ते व्यायाम करत नाहीत. मी बोटाने खूण केली तर मान वळवतात. स्पर्धा चालूच असतात. शेजारच्या गावातून दुसऱ्याच कुणाचा आवाज येतो, तरुण, भरभर बोलणारा. तो आला की हे उठून खिडकी लावतात. घरात आवाज म्हणाल तर भांड्यांचा आणि पंख्याचा. ते बोलत नाहीत, आणि मला कधी येतच नव्हतं. मधून रेघ ओढली तर आमच्या घराच्या दोन्ही बाजू आता अगदी सारख्या आहेत.

मी वस्तूंचे फोटो काढायचंही सोडलं. रूळ दिसले, आपट्याचं पान दिसलं, वळणीवरचं लुगडं दिसलं तरी नजर दुसरीकडे वळवते. ज्यातून मला थोडं बाहेर पडता आलं होतं, तेच आता बघवत नाही. जाऊबाई मध्ये एकदा म्हणाल्या, "काय गं, तुझी एसटी तशीच बिनलग्नाची राहिली काय?" मी हसले. तशीच पुढे चालू लागले.

पण परवा दुपारी एक फोटो काढला. हे ओटीवर खाटेवर उताणे झोपले होते. उजेड समोरून येत होता, बाईंना पाहिजे असायचा तसा. नाक सरळ छताकडे. मी उशापायथ्याशी न जाता बाजूने वाकून, हात लांब करून फोन त्यांच्या चेहऱ्यावर धरला. मोड बंद आहे ना ते दोनदा बघितलं. दोन उभ्या रेघांच्या मधोमध नाक आणलं, श्वास धरला आणि बोट लावलं.

फोटो बरोबर आला. इतका बरोबर माझा कुठलाच आला नव्हता. झोपेत उजवी बाजूही सुटलेली असते. घडी नाही, ओढ नाही, ओठ मधोमध मिटलेले. अलीकडे जे तेच पलीकडे. फोनने काहीही केलेलं नव्हतं. मी बघत राहिले आणि मग आठवलं, असा चेहरा मी आधी एकदा पाहिलाय. सासरे गेले तेव्हा आंघोळ घालून त्यांना याच ओटीवर ठेवलं होतं.

मी फोटो पुसला. फोन खाली ठेवला आणि खाटेजवळ जमिनीवर बसले. पंखा फिरत होता. त्यांची छाती वर जाते का, खाली येते का, ते बघत राहिले. बराच वेळ त्या चेहऱ्यात काही हललं नाही.

मग ते जागे झाले. मला बघितलं, आणि तोंड उजवीकडे ओढलं गेलं, डावा गाल तिथेच खाली राहिला. त्यांनी काहीतरी मागितलं. दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. पाणी मागत होते. मी उठले.